वूच येथील घेटोंतील शाळकरी मुलांची स्वाक्षरी-वही आणि जन्मतारखांचे पाठभेद

जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या आपल्या मंडळींची एक खोड आम्ही पुष्कळ वर्षे पाहत आलों आहों. शिक्क्याचें पत्र, सनद, महजर किंवा एखादा करीना हातीं आला म्हणजे तो रुमालांत बांधून जपावयाचा, आणि त्याच दप्तरांत नुसत्या नांवांची यादी निघाली कीं ती बाजूस सारावयाची. यादींत हकीकत नसते, भाषेचा डौल नसतो, आणि इतिहासप्रसिद्ध पुरुषाचें नांव तर बहुधा नसतेंच. शाळांचे जुने हजेरीपट याहून दुर्दैवी. ते रद्दीच्या तागडींत पडतांना आम्हीं स्वतः पाहिले आहेत, आणि त्या वेळीं आम्ही मध्यें पडलों नाहीं हेंहि येथें कबूल केलें पाहिजे.

प्रस्तुत लेखाचा विषय अशीच एक नांवांची यादी आहे. ती आपल्या देशांतील नव्हे. पोलंडमधील एका शहरांतील ज्यू शाळकरी मुलांनीं सप्टेंबर १९४१ मध्यें एका वहींत आपापल्या सह्या केल्या. सह्या करणारांची संख्या तेरा-चौदा हजारांच्या घरांत आहे. त्यांपैकीं एकेकाचें पुढें काय झालें याचा शोध वॉशिंग्टन येथील होलोकॉस्ट स्मारक-संग्रहालयानें चालू शतकांत हातीं घेतला, आणि त्या कामांत पंडितांबरोबर सामान्य वाचकांसहि सामील करून घेतलें. या शोधाचीं साधनें कोणतीं, तीं कितपत विश्वसनीय, आणि त्यांतील परस्परविरोध कसे उलगडावे, एवढाच विचार आम्ही येथें करणार आहों. पोथ्यांचे पाठ जुळविण्यांत ज्यांचे दिवस गेले त्यांस या बाबतींत बोलण्याचा थोडा अधिकार आहे असें आम्हांस वाटतें. मात्र पोथीवर जडलेली एक सवय येथें घातक ठरते. तें स्थळ दाखविणें हा आमचा मुख्य हेतु आहे.

प्रथम स्थळाविषयीं. नकाशांत या शहराचें नांव वाचतांना आपले लोक 'लॉड्झ' असा उच्चार करितात. पोलिश उच्चार 'वूच' असा आहे, व तोच आम्ही पुढें ठेवितों. कापडाच्या गिरण्यांचें हें शहर. युद्धापूर्वीं तेथें दोन लाखांहून अधिक ज्यू राहत, म्हणजे एकंदर वस्तीच्या सुमारें एक तृतीयांश. ८ सप्टेंबर १९३९ रोजीं जर्मन फौज शहरांत शिरली. तो मुलूख जर्मन राज्यास जोडण्यांत आला, आणि एप्रिल १९४० मध्यें शहराचें नांवहि बदलून 'लिट्झमानश्टाट' असें ठेवण्यांत आलें. तत्पूर्वीं फेब्रुवारींत हुकूम निघून शहराच्या उत्तरेकडील बालूती या दरिद्री भागांत ज्यूंस कोंडण्यास प्रारंभ झाला होता. ३० एप्रिल १९४० रोजीं कुंपण बंद झालें तेव्हां सुमारें चार चौरस किलोमीटर जागेंत १,६०,००० च्या आसपास माणसें होतीं. हाच वूचचा घेटो. आंतील कारभार पाहण्यासाठीं जर्मनांनीं मोर्देखाई हायिम रुमकोव्स्की या वृद्ध गृहस्थांस 'ज्यूंचा ज्येष्ठ' म्हणून नेमिलें होतें. युद्धापूर्वीं ते एक अनाथाश्रम चालवीत असत. घेटो जर्मनांच्या उपयोगी पडला तर जगेल, या समजुतीनें त्यांनीं घेटोंत कारखाने उभारिले व जर्मन फौजेचे कपडे शिवून दिले. त्यांच्या वर्तनाविषयीं पुढें फार वाद माजला आहे. तो येथें उकरून काढण्याचें प्रयोजन नाहीं.

त्यांच्या कारभारांत शाळाहि होत्या. चाळिसांहून अधिक शाळा चालत. शिक्षणाची भाषा यिद्दिश करण्यांत आली. ज्या घरांतून मुलें पोलिश बोलत मोठीं झालीं होतीं त्यांस ती नव्यानें शिकावी लागली. शाळेंत अन्न मिळे, ही गोष्ट कोणाहि शिक्षकानें लक्षांत ठेवण्याजोगी आहे. भुकेलेल्या गांवांत पटावरील संख्या कशानें वाढते तें आपणांस सांगावयास नको. म्हणून शाळेच्या पटाकडे केवळ विद्याभ्यासाचा पुरावा म्हणून पाहूं नये.

ज्यू पंचांगाप्रमाणें ५७०२ हें वर्ष २२ सप्टेंबर १९४१ रोजीं लागलें. त्या नववर्षानिमित्त सर्व शाळांच्या मुलांनीं व शिक्षकांनीं मिळून रुमकोव्स्कींस शुभेच्छांची एक वही अर्पण केली. शाळाशाळांनीं पानें भरलीं, मुलांनीं खालीं सह्या केल्या. वही अधिकाऱ्यास प्रसन्न करण्यासाठीं झाली हें उघड आहे, आणि तेवढ्यावरून ती तुच्छ मानणारेहि आढळतील. परंतु ताम्रपट वाचणारास हा प्रकार नवा नाहीं. ताम्रपटाचा अर्धाअधिक भाग राजाच्या प्रशस्तीनें व्यापलेला असतो. त्या विशेषणांवर आज कोणी विश्वासत नाहीं. शेवटीं ज्या ब्राह्मणांस भूमि दिली त्यांचीं नांवें, गोत्रें आणि शेताच्या चतुःसीमा येतात, आणि इतिहासास खरा उपयोग त्यांचाच होतो. या वहीचेंहि तसेंच आहे. जिच्यासाठीं वही झाली ती स्तुति कोणी वाचीत नाहीं. खालच्या सह्या मात्र आतां एकेक करून वाचल्या जात आहेत.

वही दिल्यावर महिना झाला नाहीं तोंच, १६ आक्टोबरपासून ४ नोव्हेंबरपर्यंत, व्हिएन्ना, प्राग, बर्लिन, लक्झेंबुर्ग इत्यादि ठिकाणांहून सुमारें वीस हजार ज्यू या घेटोंत आणून सोडण्यांत आले. त्यांस ठेवावयास शाळांच्या इमारती घेतल्या गेल्या आणि शाळा बंद पडल्या. त्या पुन्हां पूर्वीप्रमाणें कधीं भरल्या नाहींत. तेव्हां ही वही म्हणजे त्या शाळांचा शेवटचा हजेरीपट होय, असें समजण्यास हरकत नाहीं.

आतां या नांवांस ताडून पाहण्याचीं साधनें. कोंडलेल्या त्या वस्तींत कागद मात्र फार होता. रेशनासाठीं, कामासाठीं, खोल्यांच्या वांटणीसाठीं प्रत्येक माणसाची नोंद ठेवावी लागे, आणि ती ठेवणारे स्वतः घेटोंतील ज्यू कारकून होते. नोंदणी कचेरी होती, संख्याशास्त्राचें खातें होतें, आणि नोव्हेंबर १९४० पासून एक दप्तरखानाहि होता. या दप्तरखान्यांतील लेखकांनीं १२ जानेवारी १९४१ पासून ३० जुलै १९४४ पर्यंत घेटोची दैनंदिन बखर लिहिली. तिच्यांत हवामान, जन्म, मृत्यु, बटाट्यांची आवक आणि कानांवर आलेल्या वार्ता अशा सर्व गोष्टी येतात. बखर पोलिश भाषेंत सुरू झाली व पुढें जर्मन भाषेंत गेली. ती लिहिणारांपैकीं बहुतेक जगले नाहींत. कागद जगले ते कसे, हें संग्राहकांनीं अवश्य ऐकण्यासारखें आहे. आगस्ट १९४४ मध्यें घेटो रिकामा झाला तेव्हां साफसफाईकरितां कांहीं शेंकडा माणसें मागें ठेविलीं होतीं. त्यांत घेटोंतील टपालवाला नाखमान झोनाबेंड हा होता. त्यानें दप्तरखान्यांत शिरून हातीं लागतील तितके कागद व छायाचित्रें उचललीं आणि तीं एका विहिरींत लपविलीं. घेटोचा छायाचित्रकार हेन्रिक रॉस यानें आपल्या कांचा व फिती जमिनींत पुरल्या व मार्च १९४५ मध्यें उकरून काढिल्या. आपल्याकडे पेंवांतून व भिंतींतून दप्तरें निघालेलीं आहेत, परंतु धारकरी पहाऱ्यावर असतांना ज्यानें तीं लपविलीं त्याचें नांव आपणांस क्वचितच ठाऊक असतें. कचेऱ्यांचें बाकीचें प्रचंड दप्तर वूचच्या सरकारी दप्तरखान्यांत आहे.

या सर्वांत आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें प्रधान साधन म्हणजे घेटोंतील रहिवाशांची यादी. ती १९९४ मध्यें यरुशलेम येथील याद वाशेम या संस्थेनें व इस्रायलांतील वूचवासीयांच्या मंडळानें पांच खंडांत छापिली. प्रत्येक ओळींत आडनांव, नांव, जन्मतारीख, धंदा, रस्ता, घर व खोली यांचे आंकडे, आणि अखेरीस शेरा. शेरा जर्मन संक्षेपांत असतो. कोणी मेला, कोणी दुसऱ्या पत्त्यावर गेला. आणि हजारों ओळींपुढें 'स्थलांतरित' या अर्थाचें एक अक्षरचिन्ह, तारीख, व कोठें कोठें तुकडीचा क्रमांक.

आम्ही शाळेंत असतां पटाच्या शेवटच्या रकान्यांत 'शाळा सोडण्याचें कारण' लिहावें लागे. बापाची बदली झाली, घरचें काम आलें, लग्न झालें, असें कांहीं आम्ही लिहूं. आणि तें बहुधा खरें असे. त्याच सवयीनें वाचणारा या 'स्थलांतरित' शब्दानें फसतो. येथें शब्द खोटा आहे आणि आंकडा खरा आहे. १६ जानेवारी १९४२ पासून मेच्या मध्यापर्यंत या घेटोंतून सुमारें पंचावन्न हजार माणसें 'स्थलांतरित' झालीं. तीं सर्व खेल्मनो येथें नेलीं गेलीं. वूचपासून सुमारें सत्तर किलोमीटरांवरील या खेड्यांत ८ डिसेंबर १९४१ पासून बंद मालमोटारींत धूर सोडून माणसें मारण्याचें काम चालू होतें. तेथें आलेल्यांची नांवनिशी कोणी केली नाहीं. तेथून जिवंत सुटलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणजे मरणाचा कागद मरणाच्या जागीं नाहीं. तो निघण्याच्या जागीं, एका ज्यू कारकुनाच्या यादींत, तारीख व तुकडी या रूपानें तेवढा आहे. तारीख १९४२ च्या जानेवारी व मे यांच्या दरम्यानची असेल तर ती खेल्मनोची तारीख म्हणून वाचावी. आगस्ट १९४४ ची असेल तर ऑश्विट्झची म्हणून वाचावी. मात्र २३ जून ते १४ जुलै १९४४ या तीन आठवड्यांतील तुकड्या पुन्हां खेल्मनोस गेल्या होत्या, हें ध्यानांत ठेवावें.

नांवें जुळविण्याचें काम आपल्या लोकांस परिचयाचें वाटेल. एकाच मुलाला घरीं एका नांवानें हांक मारीत, शाळेंत पोलिश नांव चालत असे आणि जर्मन यादींत तिसरेंच रूप पडे. मोशेक, मोनिएक, मोयझेश, मोझेस आणि मोशे हीं पांच मुलें नसून एकच मूल असूं शकतें. रुख्ला आणि राहेल या दोन बहिणी आहेत असें समजून शोध लावणारा एकीच्या मागें उगाच हिंडत राहील. आडनांवाची अडचण याहून मोठी. पोलंडमधील पुष्कळ ज्यू विवाह धर्मविधीनें होत, पण सरकारी दप्तरीं नोंदले जात नसत. अशा जोडप्याचीं मुलें कायद्याच्या दृष्टीनें आईच्या आडनांवाचीं ठरत, आणि शेजारीपाजारी त्यांस बापाच्या आडनांवानें ओळखत. शाळेच्या वहींत मुलानें जें आडनांव लिहिलें तें नोंदणी कचेरींत नसेल, तर तो मुलगा 'सांपडत नाहीं' असें म्हणण्यापूर्वीं आईचें आडनांव पाहावें.

यावर उपाय पत्त्याचा. एका खोलींत जितकीं माणसें तितकीं एका घर-खोलीच्या आंकड्याखालीं येतात. आई, भावंडें, एखादी आत्या, आणि बहुधा दुसरें एखादें कुटुंबहि. नांव फसवितें तेथें खोली फसवीत नाहीं. परंतु येथेंहि एक गोम आहे. जर्मनांनीं रस्त्यांचीं नांवें बदललीं होतीं. ज्यास पोलिश लोक झ्गिएर्स्का म्हणत तो होहेनश्टाइनर रस्ता झाला, लिमानोव्स्कीचा रस्ता अलेक्झांडरहोफ झाला, फ्रांचिश्कान्स्काचा फ्रान्झ झाला. युद्धानंतर जगलेले लोक साक्ष देतांना जुनें पोलिश नांवच सांगत. त्यामुळें एकच घर दोन ठिकाणीं दिसतें. पेशवाईंतील पेठांचीं जुनीं व नवीं नांवें न जाणतां पुण्याचे कागद वाचणारास जो त्रास होतो तोच हा.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळतों. नांव जुळलें, खोली जुळली, भावंडें जुळलीं, आणि जन्मतारीख मात्र जुळत नाहीं, असा प्रकार या शोधांत वारंवार येतो. एका कागदांत १९३३, दुसऱ्यांत १९३१, तिसऱ्यांत १९३४. पोथ्यांवर वाढलेला मनुष्य अशा वेळीं काय करील? तो म्हणेल, एक पाठ मूळ, बाकीचे लेखकप्रमाद. मूळ पाठ वर छापावा, बाकीचे तळटीपेंत घालावे. आम्हीहि प्रथम तसेंच म्हटलें. किंवा तो सावधगिरीनें म्हणेल कीं या तारखा भिन्न आहेत त्या अर्थीं हीं मुलेंहि भिन्न. दोन्ही निर्णय चुकीचे ठरण्याचा संभव फार आहे, आणि त्याचें कारण सप्टेंबर १९४२ च्या एका आठवड्यांत आहे.

त्या महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत जर्मनांनीं घेटोंतील इस्पितळें रिकामीं केलीं. नंतर हुकूम झाला कीं दहा वर्षांखालील सर्व मुलें, पांसष्ट वर्षांवरील सर्व वृद्ध आणि आजारी माणसें घेटोंतून बाहेर द्यावीं. ४ सप्टेंबर रोजीं रुमकोव्स्कींनीं लोकांपुढें उभें राहून आईबापांकडे त्यांचीं मुलें मागितलीं. ५ पासून १२ तारखेपर्यंत घराबाहेर पडण्यास बंदी होती, आणि घरोघर जाऊन माणसें उचलण्यांत आलीं. साडेपंधरा हजारांवर माणसें खेल्मनोस गेलीं. हुकुमाची वार्ता पसरतांच लोक नोंदणी कचेरीकडे धांवले. मुलांचीं वयें वाढवून व म्हाताऱ्यांचीं कमी करून घेण्यासाठीं तेथें गर्दी उसळली. त्या दिवसांचें वर्णन दप्तरखान्याचे एक लेखक योझेफ झेलकोविच यांनीं यिद्दिश भाषेंत करून ठेविलें आहे.

हिशेब असा. सप्टेंबर १९४२ मध्यें दहा वर्षे पुरीं होण्यास मूल सप्टेंबर १९३२ पूर्वीं जन्मलेलें हवें. वहींत सही करतांना जें मूल आठ वर्षांचें होतें तें एक वर्षानें नऊ वर्षांचें झालें. म्हणजे रेषेच्या पलीकडे. त्याची जन्मतारीख दोन वर्षे मागें नेली तर तें रेषेच्या अलीकडे येतें. यानंतर घेटो म्हणजे बहुतांशीं कारखाना झाला; ज्यास काम त्यासच जगण्याचा हक्क, म्हणून मुलांस कारखान्यांत घालतांना वय पुन्हां वाढवावें लागे. दोन वर्षांनीं, आगस्ट १९४४ मध्यें, सुमारें सदुसष्ट हजार माणसें ऑश्विट्झकडे नेलीं गेलीं. तेथें फलाटावर चौदा-पंधरा वर्षांखालचें मूल बहुधा सरळ विषारी धुराच्या कोठड्यांकडे जाई. म्हणून तेथेंहि वय वाढवूनच सांगावयाचें. आणि युद्ध संपल्यावर वारें उलट फिरलें. १९४५ मध्यें ब्रिटिश सरकारनें सोळा वर्षांखालील अनाथ मुलांस इंग्लंडांत आणण्याची परवानगी दिली. त्या सवलतींत बसण्यासाठीं कांहीं मुलांनीं वय कमी करून सांगितलें. या योजनेनें सातशेंहून अधिक मुलें इंग्लंडांत आलीं, आणि त्यांत वूचच्या घेटोंतून निघालेलीं मुलेंहि होतीं.

यावरून एक नियम निघतो. उदाहरणासाठीं एक मुलगा कल्पूं. तो १९२९ मध्यें जन्मला. घेटोच्या यादींत तो १९२७ चा आहे. १९४५ च्या मदतयादींत तो १९३० चा आहे. मोजणारा तीन पाठ म्हणून सरासरी काढील. दोन मुलगे मानणारा एकास मेला व एकास परदेशांतून आलेला ठरवील. परंतु प्रत्येक पाठाची ओढ कोणत्या दिशेची आहे हें ज्यास ठाऊक आहे तो जाणील कीं घेटोंतील तारीख मागें सरकणार आणि युद्धोत्तर तारीख पुढें सरकणार. खरी तारीख या दोहोंच्या मध्यें कोठें तरी असावी. पोथी तोलावी, मोजूं नये, हा नियम आपण शिकलों तो येथेंहि लागू आहे. पण पोथींत लेखक चुकतो तो झोपेंत चुकतो. येथें लेखक जागा होता. त्या १९२७ या आंकड्यांत एका आईची किंवा एका कारकुनाची कृति आहे, आणि त्या आंकड्याच्या बळावर मुलगा सप्टेंबर १९४२ नंतर जिवंत राहिला असण्याचा संभव आहे. तो आंकडा 'दुरुस्त' करून टाकणें म्हणजे पुराव्यांतील सर्वांत मोलाचें अक्षर खोडणें होय. तो तसाच ठेवावा, आणि खरी तारीख निराळी लिहावी.

मग खरी तारीख कोठें मिळावी? युद्धापूर्वींच्या नागरी जन्मनोंदींत, असें कोणीहि म्हणेल, व सामान्यतः तें बरोबर आहे. पण तेथेंहि आंधळा विश्वास नको. गरीब घरांतून जन्म उशिरां नोंदण्याची चाल होती. कधीं कधीं तीन भावंडांच्या नोंदी एकाच दिवशीं झालेल्या दिसतात. सर्वांत जुनी प्रत ती सर्वांत शुद्ध प्रत असें नाहीं, हें आपणांस पोथ्यांनींच शिकविलें आहे.

येथें आमच्या स्वतःच्या हातची एक गोष्ट सांगावीशी वाटते. आम्ही प्रथम ज्या खेड्यांतील शाळेंत लागलों तेथें मूल दाखल करावयास आलेल्या बापास जन्मतारीख विचारिली कीं 'बहात्तरच्या दुष्काळांतला' किंवा 'पोळ्याच्या आदल्या दिवशींचा' असें उत्तर येई. शाळा जूनमध्यें सुरू व्हावयाची, वय सहा भरलेलें दिसावयास हवें. आम्ही १ जून लिहून मोकळे होत असूं. त्या पटावर विसंबून कोणीं पुढें अनुमान काढिलें तर त्या गांवचीं निम्मीं मुलें एकाच दिवशीं जन्मलीं असें ठरेल. आम्हीं तें आळसानें व सोयीनें केलें. वूचच्या कारकुनांनीं तारीख बदलली त्याचें कारण निराळें. तरीहि पटांतील तारीख ही आकाशांतून पडत नसून कोणाच्या तरी टाकांतून उतरते, एवढें आम्हांस त्या अनुभवानें कळलें होतें, आणि त्या परक्या यादीकडे पाहतांना त्याचा उपयोग झाला.

सर्वच मुलांच्या बाबतींत अंधार आहे असें नव्हे. दाविद सिएराकोव्यिआक हा घेटोंतील विद्यार्थी २५ जुलै १९२४ रोजीं जन्मला. त्यानें २८ जून १९३९ पासून दैनंदिनी लिहिली. शाळेंतील अभ्यास, परीक्षा, शाळेंत मिळणारें सूप, वाचलेलीं पुस्तकें, बापाशीं भाकरीवरून झालेले तंटे, सर्व तींत आहे. सप्टेंबर १९४२ मध्यें तपासणीस आलेल्या वैद्यांनीं त्याच्या आईस अशक्त ठरविलें आणि तिला नेलें. तो प्रसंग त्यानें त्याच दिवसांत लिहिला आहे. दैनंदिनी १५ एप्रिल १९४३ रोजीं थांबते. युद्धानंतर त्या खोलींत परत राहावयास आलेल्या पोलिश गृहस्थास चुलीपाशीं वह्यांचा गठ्ठा सांपडला. कांहीं वह्या जळणास लागल्या असाव्या, पांच वांचल्या. वही थांबल्यानंतरचा त्याचा मृत्यु, ८ आगस्ट १९४३, हा मात्र त्याच्या लेखणींतून नव्हे तर घेटोच्या नोंदींतून कळतो. तेव्हां त्याचें वय एकोणीस होतें. येथें दैनंदिनी आणि यादी एकमेकींस पुऱ्या पडतात. यादी नसती तर दैनंदिनी अर्ध्या वाक्यावर तुटली असती, आणि दैनंदिनी नसती तर यादींतील ती ओळ इतर हजारों ओळींसारखीच राहिली असती. वहींत सह्या करणाऱ्या बहुतेक मुलांची दैनंदिनी नाहीं. त्यांस ओळच तेवढी आहे.

आणि कित्येकांस ती ओळहि अपुरी. शेऱ्याचा रकाना पुष्कळ नांवांपुढें कोरा आहे. नवशिका तो कोरा पाहून मूल जगलें असें समजतो. ही या सर्व शोधांतील सर्वांत मोठी चूक. शेरा लिहिणारी कचेरीच आगस्ट १९४४ मध्यें गाडीत बसली. मग शेवटचा शेरा कोणीं लिहावा? कोऱ्या रकान्याचा अर्थ बहुधा इतकाच कीं हें मूल घेटोच्या अखेरपर्यंत तेथें होतें. पुढचा माग ऑश्विट्झच्या बुकांतहि बहुधा लागत नाहीं, कारण धुराकडे नेलेल्यांची नोंद होत नसे, आणि कामास निवडलेल्यांपैकींहि पुष्कळांस क्रमांक न देतां पुढच्या छावण्यांत पाठविण्यांत आलें. तीं मुलें सांपडतात तीं श्टुट्टहोफ, ग्रोस-रोझेन, डाखाव यांच्या पोटछावण्यांच्या याद्यांत. नंतर कदाचित् स्वीडनमध्यें नेलेल्या रोग्यांच्या यादींत. किंवा १९४५-४६ मध्यें पोलंडमधील ज्यूंच्या मध्यवर्ती समितीनें गोळा केलेल्या हयात माणसांच्या यादींत. जर्मनींतील आरोल्सेन येथील प्रचंड संग्रह २००७ पासून संशोधकांस खुला झाल्यामुळें हा माग काढणें आतां पूर्वीइतकें अशक्य राहिलें नाहीं. वूच मोकळें झालें तें १९ जानेवारी १९४५ रोजीं. त्या दिवशीं घेटोच्या जागेवर नऊशेंहि ज्यू उरले नव्हते.

नातलगांनीं पुढें भरून दिलेलीं साक्षपत्रें याद वाशेममध्यें आहेत, आणि तीं फार मोलाचीं आहेत. परंतु तीं चाळीस-पन्नास वर्षांनंतरच्या आठवणींवर लिहिलेलीं असल्यामुळें त्यांतील जन्मसालें पुष्कळदां शून्यावर किंवा पांचावर संपतात. एकाच मुलासाठीं आत्यानें एक पत्र भरलेलें असतें, मावसभावानें दुसरें. दोहोंत नांव निराळें लिहिलेलें असलें तरी आईचें माहेरचें आडनांव पाहावें. तें बहुधा जुळतें.

ज्या मुलाचा कोठेंच माग लागत नाहीं त्याच्यापुढें काय लिहावें, हा प्रश्न उरतो. 'मृत' लिहूं नये, 'जिवंत' तर नाहींच, आणि 'अज्ञात' हा शब्द आम्हांस कागदावर फारच हलका वाटतो, कारण तो ज्ञात असलेलेंहि झांकून टाकतो. शाळा, वर्ग, खोलीचा आंकडा, आणि ज्या कागदावर त्या मुलाचें नांव शेवटचें दिसलें त्याची तारीख, एवढें लिहून थांबावें. कित्येकांच्या बाबतींत ती शेवटची तारीख सप्टेंबर १९४१ हीच राहील, म्हणजे वहींतली सही.

त्याच वहींत मुलांबरोबर शिक्षकांच्याहि सह्या आहेत. त्यांचा शोध याच रीतीनें करावयाचा; फक्त पाठाची ओढ तेथें उलट दिशेची धरावी लागेल. सप्टेंबर १९४२ मध्यें रेषा पांसष्टावर होती. आमच्या वयाच्या शिक्षकास कचेरींत जाऊन आपलें वय वाढवून नव्हे, कमी करून घ्यावें लागलें असेल. आणि यादींत एखादा वृद्ध मास्तर एकाएकीं चार-पांच वर्षांनीं तरुण झालेला दिसला, तर तोच तो मास्तर आहे असें समजावें.